कानातली शिटी आणि आठ आठवड्यांचा सराव

टिनिटसचा, म्हणजे बाहेर काही नसताना कानात वाजत राहणाऱ्या आवाजाचा, त्रास घेऊन कुणी कानाच्या डॉक्टरकडे गेलं, तपासण्या झाल्या, गंभीर काही निघालं नाही, की शेवटी एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'आता याची सवय करून घ्या.' वाक्य चुकीचं नाही. पण सवय करून घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, रात्री दोन वाजता कानात शिटी वाजत असताना डोळे टक्क उघडे ठेवून कुठला उद्योग करायचा, हे त्यात नसतं. रुग्णाला ते 'आमच्याकडे तुमच्यासाठी काही नाही' असंच ऐकू येतं आणि तो चिडतो. चिडणं रास्तच आहे. सवय ही आपोआप होणारी गोष्ट आहे. ती 'करून घेता' येत नाही. तिच्या वाटेत आपण स्वतः जे अडथळे उभे करतो ते मात्र ओळखता येतात आणि शिकून, सराव करून बाजूला करता येतात. माइंडफुलनेसचं, म्हणजे आत्ता जे घडतंय त्याकडे निवाडा न करता लक्ष देण्याचं, प्रशिक्षण टिनिटसमध्ये एवढंच काम करतं. ते आवाज बंद करत नाही, हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलेलं बरं.

आवाज येतो कुठून? कान दुखावलेला असला, तरी टिनिटस बहुतेक वेळा मेंदूत घडतो. अंतर्कर्णातल्या केसपेशी वयानं, मोठ्या आवाजानं किंवा काही औषधांनी निकामी होतात, तिकडून मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण होतो, आणि श्रवणमार्गातली केंद्रं ती उणीव भरून काढायला स्वतःची संवेदनशीलता वाढवतात. बाहेर काही नसताना ऐकू येणारी शिटी, घूं-घूं किंवा रातकिड्यांची किरकिर हा त्या वाढलेल्या संवेदनशीलतेचा परिणाम. निरोगी कानांनाही हे घडतं. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी ऐकण्याची तक्रार नसलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तेव्हा त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८ जणांनी आठवडाभर एका कानात बोळा घातला. त्यांच्यातल्या १४ जणांना आवाज ऐकू येऊ लागला आणि बोळा काढल्यावर तो गेला. ज्यांना शांतता हवीहवीशी वाटते आणि म्हणून जे दिवसभर कानात बोळे घालून हिंडतात, त्यांनी हा दुसरा प्रयोग लक्षात ठेवावा.

जगभरातल्या पाहण्यांचा एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना टिनिटस असतो, पण तीव्र त्रास होणारे जेमतेम २ टक्के. म्हणजे आवाज ऐकू येणारे बहुसंख्य लोक आपापली कामं करतात, झोपतात, जगतात. मग या २ टक्क्यांचा आवाज फार मोठा असतो का? इथेच गंमत आहे. ध्वनिमापनाच्या खोलीत रुग्णाला बाहेरचा सूर ऐकवून 'तुमचा आवाज एवढाच आहे का' असं जुळवून पाहिलं, तर बहुतेकांचा आवाज त्यांच्या ऐकण्याच्या उंबरठ्याच्या वर दहा डेसिबलच्या आतच जुळतो. आणि हा जुळलेला आकडा व रुग्णाची तगमग यांचा मेळ फारसा बसत नाही. बारीक आवाजानं उद्ध्वस्त झालेले आणि मोठ्या आवाजासह निवांत असलेले, दोघेही दवाखान्यात भेटतात.

फरक पडतो तो पुढच्या साखळीत. नवा, अनोळखी, सतत येणारा आवाज मेंदू धोक्याच्या खात्यात टाकतो. भावनांचं केंद्र जागं होतं, छातीत धडधड, खांदे वर, जबडा आवळलेला. धोक्यावर लक्ष ठेवणं हे मेंदूचं कामच, म्हणून लक्ष पुन्हा पुन्हा कानाकडे जातं. लक्ष गेलं की आवाज ठळक होतो. ठळक झाला की 'हा वाढतोय', 'हा आता आयुष्यभर', 'मला वेड लागणार' असे विचार येतात आणि धोक्याची खात्री आणखी पक्की होते. टिनिटसचं हे चेतासंस्थेच्या अंगानं केलेलं स्पष्टीकरण १९९० साली संशोधक यास्त्रेबॉफ यांनी मांडलं, आणि तपशिलात मतभेद असले तरी आजचे बहुतेक मानसोपचार याच साखळीची कुठली ना कुठली कडी सैल करू पाहतात. सीबीटी म्हणजे विचार-वर्तन उपचारपद्धती विचारांची कडी धरते. माइंडफुलनेस विचार बदलत बसत नाही. विचार आला, शरीर आवळलं, लक्ष ओढलं गेलं, हे घडत असताना पाहायला शिकवते.

पुराव्याच्या बाबतीत प्रामाणिकपणे सांगायचं, तर सीबीटीचं पारडं आजही जड आहे. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात तिच्या २८ चाचण्या आणि २७३३ रुग्ण होते. माइंडफुलनेसच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. त्यांतली सगळ्यात नीट केलेली म्हणजे लंडनमध्ये लॉरेन्स मॅकेना, लिझ मार्क्स आणि सहकाऱ्यांची, २०१७ साली प्रसिद्ध झालेली. दीर्घकाळ टिनिटस असलेले ७५ रुग्ण. निम्म्यांना माइंडफुलनेसवर आधारित आठ आठवड्यांचं प्रशिक्षण, निम्म्यांना तितक्याच वेळाचं शिथिलीकरणाचं, म्हणजे शरीर सैल सोडण्याचं, प्रशिक्षण. दोन्ही गटांचा त्रास कमी झाला, पण माइंडफुलनेसच्या गटाचा जास्त, आणि सहा महिन्यांनीही तो फरक टिकून होता. या चाचणीचं महत्त्व तुलनेत आहे. नुसतं 'काहीच न करण्यापेक्षा बरं' हे सिद्ध करणं सोपं असतं. शिथिलीकरण हा बऱ्यापैकी गुणकारी उपाय, त्याच्याहून सरस ठरणं अवघड. ब्रिटनमध्ये उपचारांविषयी सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत गटानं घ्यायच्या मानसोपचारांमध्ये हे प्रशिक्षण आहे. त्याच सूचना केवळ टिनिटससाठी बीटाहिस्टिन हे चक्करेवरचं औषध देऊ नये असंही सांगतात, आणि अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या सूचना गिंको, मेलाटोनिन, झिंक यांची शिफारस करू नका म्हणतात. गोळ्यांच्या रांगा लावून दमलेल्यांना हे आधी कुणी सांगत नाही.

सुरुवातीच्या आधी

माइंडफुलनेस ही तपासणीच्या नंतरची पायरी आहे, तपासणीऐवजीची नव्हे. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांबरोबर धपधपत असेल, सोबत चक्कर, चेहऱ्याचा लुळेपणा किंवा कानातून स्राव असेल, तर आधी कानाचे डॉक्टर. चालू असलेल्या औषधांची यादीही दाखवावी. मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन, काही प्रतिजैविकं, सिस्प्लॅटिनसारखी कर्करोगावरची औषधं कानाला बाधतात. ती स्वतःच्या मनानं बंद करू नयेत. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झालेली असावी, कारण ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र हा उपचाराचा निम्मा भाग ठरू शकतो. ऐकण्यासाठी दिवसभर कान टवकारून बसणाऱ्या माणसाचं लक्ष कानातून निघणार कसं? त्याला यंत्र न देता ध्यानाला बसवणं म्हणजे उगाच कष्टात टाकणं.

मनाच्या बाजूनंही काही थांबे आहेत. भ्रम किंवा भास होणारा मनोविकार, तीव्र नैराश्य, चालू व्यसन, किंवा डोळे मिटताच जुना आघात समोर उभा राहणारी अवस्था असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय एकट्यानं हा सराव सुरू करू नये. आणि आवाजापायी जीव नकोसा झाला असे विचार येत असतील, तर आठ आठवड्यांच्या कुठल्याही कार्यक्रमाची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी.

आठवडे कसे जातात

मूळ आराखडा जॉन कबाट-झिन यांचा, १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घ दुखण्याच्या रुग्णांसाठी सुरू झालेला: आठ आठवडे, आठवड्याला अडीच तासांचं एक सत्र, घरी रोज पाऊण तास सराव आणि मध्ये एक पूर्ण दिवस. नैराश्यासाठी त्यात सीबीटीचे घटक मिसळले गेले आणि टिनिटससाठी वापरला जातो तो मुख्यतः हाच दुसरा प्रकार, दोन-दोन तासांच्या आठ सत्रांचा. पाऊण तास ऐकूनच कित्येक जण मागे फिरतात. आमचं मत असं, की रोजची पंधरा मिनिटं खरोखर होणार असतील तर ती कधीतरी होणाऱ्या पाऊण तासापेक्षा लाख पटींनी बरी. मात्र पाच मिनिटांच्या खाली उतरलं की टिनिटसच्या बाबतीत फार काही घडत नाही, कारण पहिली काही मिनिटं नुसती स्थिरावण्यात जातात.

पहिले दोन आठवडे शरीरभर लक्ष फिरवण्याचे. पाठीवर झोपून किंवा खुर्चीत बसून, डाव्या पायाच्या बोटांपासून सुरुवात. तळवा, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी. मग उजवा पाय. ओटीपोट, पाठ, छाती, हात, मान, चेहरा. प्रत्येक ठिकाणी जे जाणवेल ते जाणवू द्यायचं, काहीच न जाणवलं तर 'काही नाही' हेही चालतं. इथे लक्ष हवं तिथे नेता येतं आणि हवं तेव्हा सोडता येतं, ही ताकद कमावली जाते. आवाजाशी गाठ घालून द्यायच्या आधी ती असायला हवी. पण लक्ष फिरत फिरत कानापाशी येतंच, आणि तिथे घोटाळा होतो. एक तर माणूस कान वगळून डोक्याकडे पळतो, नाहीतर तिथेच अडकून पडतो. करायचं ते असं: आधी पाळीचा आकार, कानाला लागणारी हवा, त्वचेची ऊब किंवा गारवा, मग आवाज, त्याच यादीतली एक संवेदना म्हणून, आणि गुडघ्याला जितका वेळ दिला तितकाच वेळ देऊन पुढे सरकायचं. कमी नाही, जास्त नाही. ही 'गुडघ्याइतकीच' वागणूक जमायला लागली की अर्धी लढाई संपली म्हणावी, पण लढाई हा शब्दच इथे नको.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात श्वास येतो, आणि टिनिटसवाल्यांची पहिली खरी अडचणही. श्वास फार मुलायम गोष्ट आहे. शांत खोलीत, डोळे मिटून, मुलायम श्वासावर लक्ष ठेवायला बसलं की कानातला आवाज त्याच्यावर सहज मात करतो. सर्वसाधारण ध्यानाच्या ध्वनिफिती आणि ॲप इथेच रुग्णाला तोंडघशी पाडतात. त्या शांत खोली शोधा म्हणतात, आणि शांत खोली हीच याच्यासाठी सगळ्यात गजबजलेली जागा. उपाय सोपे आहेत. खिडकी उघडी ठेवा, पंखा चालू ठेवा किंवा पावसाचा, वाहत्या पाण्याचा आवाज मंद लावा. डोळे अर्धवट उघडे, नजर जमिनीवर. श्वासाऐवजी तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श, मांडीवर टेकलेल्या तळहातांचं वजन किंवा बसण्याच्या जागेवरचा दाब धरा. या संवेदना ढोबळ असतात, म्हणून लक्षाला धरायला बऱ्या. जबड्याकडेही पाहायला हवं: दात एकमेकांपासून सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांमागे हलकं टेकलेलं. कारण जबडा आवळला की पुष्कळांचा आवाज खरोखरच बदलतो. मान आणि जबड्याकडून येणारे चेतातंतू श्रवणमार्गाच्या पहिल्याच केंद्रात मिसळतात. ध्यानासाठी दात-ओठ आवळून बसणारा माणूस नकळत आपलाच आवाज वाढवून बसतो.

सोबत लावलेल्या आवाजाची पातळी किती, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. टिनिटस पूर्ण झाकला जाईल इतका मोठा नको. झाकला, तर सराव कशाचा करणार? आणि तो बंद केल्याक्षणी टिनिटस पुन्हा अंगावर येतो. दोन्ही आवाज शेजारी शेजारी ऐकू येतील, बाहेरचा किंचित हळू, इतपत ठेवावा. आठवड्यांमागून तो आणखी कमी करत नेता येतो.

चौथा-पाचवा आठवडा हा या सगळ्याचा गाभा, कारण इथे टिनिटसकडे मुद्दाम वळायचं असतं. तोवर लोक आवाजाकडे पाठ करायलाच शिकलेले असतात: रेडिओ, मोबाइल, कामात बुडणं. पाठ फिरवणं वाईट नव्हे, पण जिच्याकडे कधीच नीट पाहिलं नाही ती गोष्ट धोक्याच्या खात्यातून बाहेर येत नाही. सरावाचा क्रम असा. पाच मिनिटं तळपाय किंवा श्वास. मग ऐकण्याचं दार उघडायचं: आधी लांबचे आवाज, मग खोलीतले, मग कपड्यांची सळसळ, स्वतःचा श्वास. कुठला आवाज कशाचा हे ओळखत बसायचं नाही. चढ-उतार, खंड, पोत एवढंच. आवाज येतात, थोडा वेळ राहतात, जातात. मग त्याच ओघात टिनिटस. एकच सूर आहे की दोन-तीन मिसळलेत? डाव्या बाजूला की डोक्याच्या मधोमध? सलग आहे की थरथरतो? टोकदार की पसरट? दोन-तीन मिनिटं एवढीच चौकशी. 'भयंकर', 'असह्य', 'वाढला' हे शब्द आले की ओळखायचं, की हे वर्णन नव्हे, हा निवाडा आहे. निवाडा आला तर येऊ द्या, त्याच्याशी वाद घालू नका, पुन्हा पोताकडे या. मग परत दोन मिनिटं तळपायांवर. अशा दोन किंवा तीन फेऱ्या पुरे.

यानंतरची पायरी लोक गाळतात, आणि आमच्या मते तीच सगळ्यात कामाची. टिनिटस ऐकू येत असताना शरीरात काय चाललंय ते पाहायचं. पोटात गोळा? भुवयांमध्ये आठी? खांदे कानांकडे चढलेले? श्वास छातीच्या वरच्या भागात अडकलेला? आवाज आणि हा आवळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे पहिल्यांदा अनुभवाला येतं. आवाजावर आपली सत्ता नाही. आवळावर थोडी आहे: तिकडे श्वास सोडल्यासारखं करायचं, सैल झालं तर झालं, न झालं तर आवळालाही राहू द्यायचं. शेवटी लक्षाचा घेर मोठा करायचा, म्हणजे टिनिटस, तळपाय, श्वास, बाहेरचे आवाज सगळं एकाच वेळी. टिनिटस जातो असं नाही. तो एकटा उरत नाही.

सहाव्या आठवड्यात विचार. 'हा आवाज मला झोपू देणार नाही' असा विचार आला की मनात एवढंच म्हणायचं: 'झोपेबद्दलचा विचार आला.' वाक्याच्या रचनेतला हा छोटासा बदल तर्कानं खोडून काढण्यापेक्षा रात्रीच्या वेळी जास्त उपयोगी पडतो, कारण रात्री तर्क चालवायला डोकं ताजं नसतं. सातव्या-आठव्या आठवड्यात सोडून दिलेल्या गोष्टींची यादी करतात: वाचन, लोकांत मिसळणं, शांत खोलीत एकट्यानं बसणं, गाणं ऐकणं. त्यांतली सगळ्यात सोपी निवडून आठवड्याला एक परत सुरू करायची, आवाज असताना. 'आवाज गेला की वाचेन' ही अट मोडायची ती अशी. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून पुष्कळ जण उरकतात, पण आयुष्य परत मिळतं ते बैठकीत नाही, इथे.

या साऱ्याच्या बरोबरीनं तीन मिनिटांचा श्वास-थांबा दिवसातून तीनदा करायचा. पहिलं मिनिट: आत्ता विचार काय, भावना काय, शरीरात काय. दुसरं: फक्त श्वास. तिसरं: श्वासासकट सगळं शरीर. वेळा ठरलेल्या असाव्यात. केवळ त्रास वाढल्यावरच जो हा थांबा वापरतो, त्याच्या हातात तो लवकरच निकामी होतो, कारण मेंदू त्याचं नातं संकटाशीच जोडतो.

कुठे बिघडतं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात सभ्य दिसणारी चूक म्हणजे बैठक संपल्यावर आवाज कमी झाला का ते तपासणं. जखम भरली का हे पाहायला खपली रोज उचकटावी, तसं हे आहे. तपासण्यासाठी कानाकडे लक्ष न्यावं लागतं, आणि तेच तर सैल करायचं होतं. ध्यान हे आवाज कमी करण्याचं साधन झालं, की प्रत्येक बैठक ही परीक्षा होते आणि रुग्ण रोज नापास होतो. मग 'माझ्याबाबतीत हे चालत नाही' असा निष्कर्ष. आम्हाला विचाराल तर अर्ध्यावर सोडणाऱ्यांत बहुतेक इथेच गळतात.

दुसरी तक्रार: 'सराव सुरू केल्यापासून आवाज वाढला.' पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हे होऊ शकतं आणि यात गूढ काही नाही. इतके दिवस ज्याच्यापासून लक्ष पळवत होतो, तिथे ते वळवलं, तर तो ठळक वाटणारच. बैठक निम्मी करावी, डोळे उघडे ठेवावेत, टिनिटसकडे मुद्दाम वळण्याची पायरी पुढे ढकलावी आणि तळपायांवर परत यावं. तीन-चार आठवड्यांनीही बैठकीनंतर तासन्तास घबराट राहत असेल, झोप आणखी बिघडत असेल, तर रेटू नये; प्रशिक्षकाशी बोलावं, सीबीटीचा विचार करावा. प्रत्येकाला हाच मार्ग मानवेल असं नाही.

तिसरी गफलत शिथिलीकरणाशी. बैठकीत बरं वाटलं तर ती चांगली, अस्वस्थ वाटलं तर फुकट, असा हिशेब सुरू होतो. प्रत्यक्षात अस्वस्थतेच्या बैठकीत शिकण्याचा माल जास्त असतो. वीस वेळा लक्ष भरकटलं आणि वीस वेळा परत आणलं, तर वीसदा व्यायाम झाला. झोप लागत असेल तर मात्र खुर्चीत बसा आणि जेवणानंतरची वेळ टाळा.

रात्रीचं वेगळं. अंथरुणात हा सराव झोपेचं औषध म्हणून करू नये. झोप आली नाही की सरावावरचाही राग सुरू होतो. खोली पूर्ण निःशब्द नको, मंद आवाज रात्रभर चालू राहिला तरी चालतो. साधारण वीस मिनिटं तळमळत गेली असं वाटलं, तर उठून दुसऱ्या खोलीत, मंद उजेडात, काहीतरी निरस करत बसावं आणि डोळे जड झाल्यावरच परत यावं. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवलेलं चांगलं. मध्येच जाग आली आणि आवाज समोर उभा असला, तर गादीला टेकलेल्या टाचा, नितंब, खांदे, डोकं असे चार दाब एकामागोमाग जाणवून घ्यायचे, आणि तेच हळूहळू पुन्हा.

प्रगती मोजायची तर आवाज मोजू नका, त्रास मोजा. न्यूमन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली केलेली टीएचआय ही टिनिटसच्या त्रासाची प्रश्नावली यासाठी पुरते: २५ प्रश्न, 'हो'ला ४, 'कधी कधी'ला २, 'नाही'ला ०, एकूण ० ते १००. १६ पर्यंत किरकोळ, ३८ ते ५६ मध्यम, ७८ पासून वर अतितीव्र. सुरुवातीला एकदा, आठ आठवड्यांनी एकदा, सहा महिन्यांनी एकदा भरा. सातेक गुणांची घट म्हणजे फरक पडला असं धरतात. रोज भरू नका, नाहीतर तीही एक खपली होते. ६२ वरून ४० वर येणं हे उत्तम यश आहे, आणि त्या ४० मध्ये आवाज पहिल्याइतकाच असू शकतो. घरच्यांना हे पटवून देणं कधीकधी रुग्णाला पटवण्यापेक्षा अवघड जातं. 'मग गेला का आवाज?' हाच त्यांचा प्रश्न असतो.

आणि तो उसळतोही. सर्दी, जागरण, कर्णकर्कश कार्यक्रम, घरातली भांडणं, कुठलंही निमित्त पुरतं. महिनोन्महिने मागे पडलेला आवाज एका सकाळी पुढे येतो आणि मन लगेच म्हणतं, सगळं पाण्यात गेलं. उसळीच्या दिवसांसाठी आधीच कागदावर लिहून ठेवलेला बेत असावा, कारण त्या दिवशी सुचत काही नाही: पहिल्या आठवड्याचा शरीरभर लक्ष फिरवण्याचा सराव, दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, मागे मंद आवाज, श्वास-थांबा ठरलेल्या वेळी, ठरलेली कामं रद्द करायची नाहीत, इंटरनेटवर नवे उपाय शोधायचे नाहीत, कानात बोळे नाहीत, खरोखरच्या गोंगाटात जायचं असेल तर तेवढ्यापुरतेच. बहुतेक उसळ्या काही दिवसांत ते दोन आठवड्यांत ओसरतात. त्यापुढे रेंगाळली, आवाजाचा प्रकारच बदलला किंवा तो एकाच कानात येऊ लागला, तर पुन्हा कानाच्या डॉक्टरांकडे. आणि उसळीबरोबर एका कानानं ऐकूच कमी येऊ लागलं असेल, तर ध्यानाला बसू नका, दुसऱ्या दिवसाची वाटही पाहू नका. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर तितका चांगला, आणि दोन आठवडे उलटले की त्याची आशा बरीच कमी झालेली असते.